उष्णता बघणारा डोळा केवढ्याला?

आत्ता एक काम करा. टीव्हीचा किंवा एसीचा रिमोट घ्या, मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करा, रिमोटचं टोक कॅमेऱ्याकडे धरा आणि कुठलंही बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट पांढरा ठिपका लुकलुकताना दिसेल. रिमोटकडे नुसत्या डोळ्यांनी बघितलंत तर काहीच दिसणार नाही. (सेल्फी कॅमेरा अशासाठी, की बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर हा प्रकाश अडवणारा जास्त कडक फिल्टर असतो.)

तो ठिपका म्हणजे इन्फ्रारेड, शाळेच्या पुस्तकातले 'अवरक्त किरण'. १८०० साली विल्यम हर्शेलने सूर्यप्रकाश लोलकातून पाडला, प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवला आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथला पारा सगळ्यांत जास्त चढलेला बघितला. परीक्षेपुरतं एवढं आपल्या सगळ्यांना येतं.

इंटर्न म्हणून रुजू झाल्यापासून माझ्या टेबलावर दर थोड्या दिवसांनी एक ठरावीक प्रकारचं प्रसिद्धीपत्रक येतं. सुरक्षेसाठी परवडणारं इन्फ्रारेड तंत्रज्ञान. कधी ड्रोन, कधी 'स्मार्ट' सीसीटीव्ही, कधी नुसतंच एआय. प्रत्येकात 'परवडणारं' हा शब्द असतोच. कुणाला परवडणारं आणि कशासाठी, ते मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. त्या दोन प्रश्नांमागे लागले तेव्हा लक्षात आलं, की आपण 'इन्फ्रारेड' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी ढकलतो. एक कधीच स्वस्त झालेली आहे. दुसरी अजून महाग आहे, आणि ती महाग का आहे याची गोष्ट पार चीनपर्यंत जाते.

आधी स्वस्तवाली. सोसायटीच्या गेटवरचा सीसीटीव्ही रात्री करडं चित्र दाखवतो ना, तो उष्णता बघत नाही. त्याच्या कडेने बारीक एलईडी बसवलेले असतात, ते आपल्याला न दिसणारा प्रकाश टाकतात आणि परत आलेला प्रकाश कॅमेरा टिपतो. थोडक्यात, अदृश्य टॉर्च. आतला सेन्सर तोच, सिलिकॉनचा, तुमच्या मोबाइलमधला. म्हणून स्वस्त. दुसरा प्रकार म्हणजे पीआयआर. कॉरिडॉरमधून चालत गेलं की आपोआप लागणारा दिवा आठवा. त्यात एक स्फटिक असतो, समोरून गरम शरीर हललं की त्यावर किंचित विद्युतभार तयार होतो. इंजिनीअरिंगला असाल तर हे मोड्यूल तुम्ही शंभर रुपयांच्या आतबाहेर विकत घेऊन निदान एकदा तरी जाळलं असेल. जंगलातले कॅमेरा ट्रॅपही याच स्फटिकाच्या इशाऱ्यावर फोटो काढतात. पण त्याला फक्त 'काहीतरी गरम हललं' एवढंच कळतं. वाघ, गाय की वॉचमन, हे त्याला कळत नाही.

आता महागवाली. कुठल्याही उजेडाशिवाय, वस्तूंमधून आपणहून बाहेर पडणारी उष्णता बघणारा थर्मल कॅमेरा. आपलं शरीर सतत इन्फ्रारेड फेकत असतं, त्याचा जोर साधारण १० मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सगळ्यांत जास्त असतो. सिलिकॉनच्या सेन्सरची नजर जेमतेम १ मायक्रॉनपर्यंत पोहोचते. म्हणजे मोबाइलच्या कॅमेऱ्यात कितीही मेगापिक्सेल कोंबले तरी त्याला तुमचा ताप दिसणार नाही. त्यासाठी वेगळा सेन्सर लागतो, मायक्रोबोलोमीटर. केसाच्या जाडीच्या पाचव्या-सहाव्या भागाएवढा एकेक ठिपका, दोन बारीक पायांवर पोकळीत तरंगत ठेवलेला. उष्णता पडली की तो किंचित तापतो, त्याचा विद्युतरोध बदलतो आणि तो बदल मोजून चित्र तयार होतं. अमेरिकेत हनीवेल कंपनीने १९८०च्या दशकात लष्कराच्या पैशातून हे विकसित केलं आणि १९९२पर्यंत ते गोपनीय होतं.

जन्म लष्करात झाल्याची खूण अजून या कॅमेऱ्यांवर आहे. फोनला जोडायचा थर्मल कॅमेरा कधी वापरलात तर चित्र अडखळत चालल्यासारखं वाटेल. बऱ्याच स्वस्त मॉडेलमध्ये सेकंदाला नऊच चित्रं दिसतात. तंत्रज्ञानाला जास्त येत नाही असं नाही. नऊपेक्षा वेगवान थर्मल कॅमेऱ्यांच्या निर्यातीवर जास्त कडक नियंत्रण आहे, कारण वेगवान थर्मल डोळा क्षेपणास्त्रालाही उपयोगी पडतो. लष्करी आणि दुहेरी वापराच्या वस्तूंच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या वासेनार करारात भारत डिसेंबर २०१७मध्ये सामील झाला.

आणि मग भिंग. साधी काच या उष्णतेला भिंतीसारखी अडवते. थर्मल फोटोत चष्मा घातलेल्या माणसाच्या डोळ्यांवर दोन गडद चकत्या दिसतात, त्या यामुळेच. चांगल्या थर्मल कॅमेऱ्याचं भिंग बऱ्याचदा जर्मेनियम या धातूसारख्या दिसणाऱ्या मूलद्रव्याचं असतं. आपल्याला ते आरशासारखं अपारदर्शक दिसतं, उष्णतेसाठी ते खिडकी आहे. जर्मेनियमची वेगळी खाण क्वचितच असते. ते जस्ताच्या प्रक्रियेतून किंवा कोळशाच्या राखेतून वेगळं काढावं लागतं, आणि जगातल्या शुद्ध जर्मेनियमपैकी निम्म्याहून जास्त चीनमध्ये तयार होतं. ऑगस्ट २०२३पासून चीनने त्याच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेला ते देणंच बंद केलं, आणि नोव्हेंबर २०२५मध्ये ती बंदी वर्षभरासाठी स्थगित केली. या काळात जर्मेनियमचा भाव दुपटीहून जास्त झाला. भारताने २०२३मध्ये ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी जाहीर केली, त्यात जर्मेनियम आहे. यादीत नाव आलं म्हणून भिंग स्वस्त होत नाही, हे वेगळं सांगायला नको.

एवढं सगळं सांगून झाल्यावर 'मग सर्वसामान्यांना याचं काय?' हा प्रश्न येतोच. तो माझ्या डोक्यात आला आमच्या हॉस्टेलच्या स्विचबोर्डापाशी.

माझी रूममेट ईएनटीसीला आहे. तिच्या प्रोजेक्टमध्ये आठ बाय आठचा थर्मल सेन्सर होता. मेगापिक्सेल विसरा, फक्त ६४ चौकोन. किंमत दोन-चार हजार. भिंगही जर्मेनियमचं मोठं नाही, छोटंसं सिलिकॉनचं. लॅपटॉपवर निळ्या-पिवळ्या फरशा दिसायच्या आणि आम्ही त्यात एकमेकींचे चेहरे शोधून हसायचो. एका संध्याकाळी तिने तो सहज खोलीभर फिरवला. भिंत निळी, पलंग निळा, खिडकीपाशी जरा हिरवं. आणि इस्त्री व किटली ज्या बोर्डाला लावतो तिथला एक चौकोन लालभडक. आकडा ६१ अंश. किटली बंद करून अर्धा तास झाला होता. त्या बोर्डावरून पलीकडच्या खोलीतला गीझर चालतो, हे आम्हाला तेव्हा कळलं.

बोर्ड असा का तापतो? वायरचा स्क्रू सैल झाला की सांध्यातला रोध वाढतो. तेवढाच प्रवाह आता अरुंद जागेतून जातो आणि तिथे उष्णता तयार होते. उष्णतेने धातू फुगतो, थंड झाल्यावर आकुंचन पावतो, स्क्रू आणखी सैल होतो, रोध आणखी वाढतो. प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी. हे सगळं कित्येक आठवडे, कधी महिने चालतं. या पूर्ण काळात धूर नसतो. स्मोक डिटेक्टर गप्प असतो, फ्यूज उडत नाही कारण प्रवाह जास्त नसतोच. 'शॉर्ट सर्किटमुळे आग' अशी एका ओळीची बातमी आपण छापतो (आता मीही छापते), पण त्या ओळीच्या आधी बऱ्याचदा असे कित्येक आठवडे गेलेले असतात. आणि त्या आठवड्यांत ती जागा दाखवू शकणारी सगळ्यांत सोपी गोष्ट म्हणजे उष्णता बघणारा डोळा.

९ जानेवारी २०२१. भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला पहाटे आग लागली आणि दहा बाळं गेली. तेव्हा मी कॉलेजला नव्हते, आईने टीव्हीचा आवाज बंद केलेला आठवतो. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाला आग लागली, दहाहून अधिक रुग्ण दगावले. १५ नोव्हेंबर २०२४च्या रात्री उत्तर प्रदेशात झाशीच्या मेडिकल कॉलेजमध्ये पुन्हा नवजात कक्ष, पुन्हा दहा बाळं. अतिदक्षता विभागात वॉर्मर, व्हेंटिलेटर, पंप, एसी असं सगळं चोवीस तास सुरू असतं, आणि आसपास ऑक्सिजन. यांतली प्रत्येक आग थर्मल कॅमेऱ्याने टळली असती, असं मी म्हणणार नाही. काही बिघाड क्षणात होतात, त्यांना आठवड्यांची पूर्वसूचना नसते. पण ज्या बिघाडांना असते, ते शोधायला लाखांचा कॅमेरा लागत नाही. वीस-पंचवीस हजारांचा, फोनला जोडायचा कॅमेरा घेऊन महिन्यातून एकदा एका माणसाने प्रत्येक पॅनेलसमोर उभं राहायचं. नाहीतर पॅनेलच्या आत हजार रुपयांच्या आसपासचा, एकाच जागेचं तापमान दुरून मोजणारा सेन्सर कायमचा बसवायचा. मोठ्या कारखान्यांत, डेटा सेंटरमध्ये विजेच्या पॅनेलची अशी थर्मल तपासणी हे नेहमीचं काम आहे. तिथे मशिन बंद पडण्याची किंमत कुणीतरी काढून ठेवलेली असते.

म्हणजे या ठिकाणी अडचण तंत्रज्ञान महाग असण्याची नाहीच. तरीही चर्चा सुरू होते ती नवीन उपकरणं, नवीन निविदा यांच्यापासून.

उलट काही ठिकाणी अडचण खरोखर किमतीची आहे, आणि तिथे मात्र 'स्वस्त सेन्सर लावा की' असं म्हणणं हा शुद्ध अडाणीपणा ठरतो. बिबट्याचं उदाहरण घ्या. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागातले कुणी वाचत असाल तर उसाच्या कडेने संध्याकाळी घरी जाणं म्हणजे काय हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वनविभाग तिथे बिबट्या शोधायला थर्मल ड्रोन वापरतो. मग रूममेटचा तीन हजारांचा सेन्सर प्रत्येक बांधावर लावला तर?

आम्ही कागदावर हिशोब केला. त्या सेन्सरची नजर ६० अंश पसरलेली आहे आणि आडवे चौकोन आठ. म्हणजे एका चौकोनाच्या वाट्याला साडेसात अंश. ५० मीटरवर तो एक चौकोन जवळपास साडेसहा मीटर रुंदीचा होतो. बिबट्या आडवा उभा राहिला तरी शेपूट सोडून दीड मीटरच्या आतबाहेर. आजूबाजूच्या मातीच्या आणि पानांच्या तापमानात त्याची उष्णता विरघळून जाते, चौकोनाचा रंग बदलतसुद्धा नाही. बिबट्या दिसेल तो पाच-सहा मीटरवर आल्यावर, तेव्हा सेन्सरची गरज उरत नाही. लांबचं बघायला जास्त ठिपके आणि अरुंद नजरेचं मोठं भिंग हवं, म्हणजे पुन्हा मायक्रोबोलोमीटर, पुन्हा जर्मेनियम.

त्यातही सिनेमांनी आपल्या डोक्यात एक चुकीची समजूत घालून ठेवली आहे, की थर्मल कॅमेरा आरपार बघतो. नाही बघत. तो पृष्ठभागाचं तापमान बघतो. दहा-बारा फूट उंच उसाच्या आत बसलेला प्राणी वरून ड्रोनला दिसतो तो पानांच्या फटींमधून, पानांतून नाही. आणि एप्रिलच्या दुपारी जमीनच इतकी तापलेली असते, की प्राणी आणि माती एकाच रंगाची होतात. पहाटे, जमीन निवालेली असताना सगळ्यांत चांगलं दिसतं.

जिथे पैसे घातले तिथे काय होतं, याचं उदाहरण तामिळनाडूत आहे. कोइंबतूरहून केरळकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर मदुक्करैच्या जंगलात हत्ती रुळांवर येऊन मरायचे. फेब्रुवारी २०२४मध्ये तिथल्या वनविभागाने सुमारे सात किलोमीटरच्या पट्ट्यात बारा मनोरे उभारले, त्यांवर थर्मल आणि साधे कॅमेरे लावले. हत्ती रुळांच्या जवळ आला की नियंत्रण कक्षात इशारा, तिथून रेल्वेला निरोप, गाडी हळू. खर्च सात कोटींच्या वर. किलोमीटरमागे एक कोटी धरा. हत्तींच्या एका ठरावीक वाटेसाठी हे समजू शकतं. चार तालुक्यांतल्या उसाच्या प्रत्येक बांधासाठी हा हिशोब कुठल्याच सरकारला जमणार नाही. तिथे किंमत खाली यायलाच हवी.

ती येईलही. एक ढकल गाड्यांकडून येते आहे. अमेरिकेत सप्टेंबर २०२९पासून नव्या हलक्या वाहनांना अंधारातही पादचारी ओळखून आपोआप ब्रेक लावता आला पाहिजे, असा नियम २०२४मध्ये झाला. त्यासाठी थर्मल कॅमेराच लावा असं नियमात नाही, पण कॅमेरे बनवणाऱ्यांना लाखोंच्या संख्येने ग्राहक दिसू लागले आहेत, आणि संख्या वाढली की सेन्सर स्वस्त होतो हे मोबाइलने दाखवलंय. दुसरी ढकल भिंगाकडून. गंधक किंवा सेलेनियमचं संयुग असलेली चाल्कोजेनाइड नावाची काच साच्यात दाबून घडवता येते, जर्मेनियमसारखी एकेक घासत बसावी लागत नाही. आपल्याकडे डेहराडूनच्या आयआरडीई या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेपासून बंगळुरूच्या टोन्बो इमेजिंगसारख्या कंपन्यांपर्यंत थर्मल उपकरणं तयार होतात. मात्र त्यांचा मोठा ग्राहक लष्कर आहे. सीमेवर उणे तापमानात चालणारी दुर्बीण आणि अंगणवाडीच्या मीटरबॉक्सवरचा डोळा या वेगवेगळ्या वस्तू आहेत. पहिलीतून दुसरी आपोआप तयार होत नाही, दुसरीसाठी कुणीतरी मुद्दाम बसावं लागतं.

स्वस्त होण्याचा एक धोका आपण सगळ्यांनी कपाळावर झेललाय. २०२० ते २०२२ या काळात गेटवर ती बंदूक आठवते? बारावीच्या परीक्षेला मला ३३.८ तापमान दाखवलं होतं. त्या हिशोबाने मी पेपर द्यायला नको, अॅडमिट व्हायला हवी होते. वॉचमनकाकांनी 'ओके' म्हणून आत सोडलं. सेन्सर बहुधा ठीकच होता. पण तो कपाळाच्या त्वचेचं तापमान मोजत होता, आणि थंडीत सायकल मारत आलेल्या मुलीचं कपाळ थंडच असणार. थर्मल कॅमेऱ्याने ताप बघायचा तर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी बघतात, आत बसून जरा स्थिर झाल्यावर, एका वेळी एकाला. हे काकांना कुणी सांगितलंच नव्हतं. पॅनेलच्या तपासणीतही हीच गोम आहे. तांब्याची चकचकीत पट्टी स्वतःची उष्णता फार कमी फेकते आणि समोरच्याची परावर्तित करते. ती पोळत असली तरी कॅमेऱ्यात गार दिसू शकते. शिकलेला माणूस तिच्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून मग मोजतो. न शिकलेला 'सगळं निळं आहे' म्हणून सही करतो, आणि ती सही काहीच तपासलं नाही यापेक्षा वाईट.

उष्णता बघणं म्हणजे माणूस बघणंही आहे, हा मुद्दा पत्रकांमध्ये कधीच नसतो. अमेरिकेत पोलिसांनी रस्त्यावर उभं राहून एका घराच्या भिंतीची उष्णता मोजली आणि आत दिवे लावून गांजा पिकवतोय हे ओळखलं. २००१मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की ही घराची झडतीच आहे, वॉरंट लागेल. आपल्याकडे खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, पण गच्चीवरून जाणाऱ्या थर्मल ड्रोनबद्दल आपण अजून बोलतही नाही. गंमत म्हणजे इथे रूममेटचा ६४ चौकोनांचा सेन्सर जिंकतो. त्याला चेहरा दिसूच शकत नाही. बाथरूममध्ये आजी पडल्या हे त्याला कळेल, आजी कोण हे कळणार नाही. जिथे कॅमेरा लावायला कुणी हो म्हणणार नाही, तिथे हा आंधळट डोळा चालतो.

आमच्या बोर्डाचं सांगायचं राहिलं. आम्ही रेक्टर मॅडमना लॅपटॉप दाखवला. त्यांनी लाल चौकोन बघितला, 'हे तुमचं प्रोजेक्ट ना?' म्हणाल्या आणि रजिस्टरमध्ये नोंद करायला सांगितली. नोंद केली. नऊ दिवस काही झालं नाही. दहाव्या दिवशी रूममेटने बोर्डावर हात ठेवून बघा एवढीच विनंती केली. मॅडमनी हात ठेवला आणि झटक्यात काढला. इलेक्ट्रिशियन त्याच दुपारी आले. आतली वायर टोकाशी तपकिरी झाली होती. त्यांनी ती कापली, नव्याने सोलली, स्क्रू आवळला. दोन मिनिटांचं काम. रात्री गीझर सुरू असताना तो चौकोन ३४ अंशांवर होता. मजल्यावर आणखी अकरा बोर्ड आहेत, त्यांतले चार आम्ही मोजलेत.